इग्नासिओ लोसानो आणि ‘बाहेरचा मेक्सिको’ : एका स्थलांतरित प्रकाशकाच्या कार्याचे पुनर्मूल्यांकन

प्रस्तावना

स्थलांतरितांच्या भाषेत निघणारे वृत्तपत्र नेमके कोणत्या देशाचे असते, हा प्रश्न वृत्तपत्रांच्या इतिहासात वारंवार उपस्थित होतो. ते छापले जाते एका देशात आणि त्याचे मन गुंतलेले असते दुसऱ्या देशात. त्याचा वाचक ज्या गावात मजुरी करतो तेथील घरभाडे, शाळा, पोलीस आणि रुग्णालय हे त्याचे रोजचे प्रश्न असतात. परंतु पहिल्या पानावरचा मथळा मात्र मागे राहिलेल्या गावाशी निगडित असतो. अशा वृत्तपत्राचा मालक जेव्हा ग्रंथप्रकाशक, पुस्तकविक्रेता आणि दानशूर गृहस्थ म्हणूनही समाजात मान्यता पावतो, तेव्हा त्याच्या कार्याचे मूल्यमापन अधिकच गुंतागुंतीचे होते.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील स्पॅनिश भाषिक वाचकांवर ज्यांचा सर्वाधिक प्रभाव होता अशा प्रकाशकांमध्ये इग्नासिओ ई. लोसानो (१८८६–१९५३) यांची गणना होते. टेक्सस राज्यातील सॅन अँटोनिओ येथून निघालेले ‘ला प्रेन्सा’ आणि लॉस एंजेलिस येथून निघालेले ‘ला ओपिनिऑन’ ही दोन वृत्तपत्रे त्यांनी स्थापन केली. ‘कासा एदितोरियाल लोसानो’ हे प्रकाशनगृह आणि त्याला जोडलेले ग्रंथभांडार त्यांनी चालविले. लोसानो यांच्याविषयीचे लेखन सामान्यतः दोन टोकांना जाते. एका बाजूस त्यांना समाजाचा आधारवड म्हणून गौरविले जाते. दुसऱ्या बाजूस मायदेशाच्या आठवणीत रमलेल्या सधन वर्गाचे मुखपत्र चालविणारा सनातनी संपादक म्हणून त्यांची संभावना केली जाते. या दोन्ही मतांत तथ्यांश असला तरी दोन्ही अपुरी आहेत. लोसानो यांनी ज्या विचाराचा आयुष्यभर पुरस्कार केला आणि ज्या संस्था प्रत्यक्षात उभ्या केल्या, त्या दोहोंमध्ये एक मूलभूत विसंगती होती. ती विसंगती स्पष्ट करणे आणि तिचा अर्थ लावणे हे प्रस्तुत लेखाचे उद्दिष्ट आहे.

जीवनपट

लोसानो यांचा जन्म मेक्सिकोच्या ईशान्येकडील नुएव्हो लिऑन राज्यातील मारीन या गावी झाला. १९०८ मध्ये आई आणि बहिणींसह ते सीमा ओलांडून सॅन अँटोनिओ येथे आले. तेथे त्यांनी प्रथम पुस्तकांच्या दुकानात व त्यानंतर स्थानिक स्पॅनिश वृत्तपत्रांत काम केले. फ्रान्सिस्को चापा या औषधविक्रेत्या राजकारण्याच्या ‘एल इम्पार्सियाल दे तेहास’ या पत्रात त्यांनी व्यवसायाचे धडे घेतले. छपाई, जाहिराती, वितरण आणि वर्गणीदार या चारही अंगांची माहिती झाल्यावर १३ फेब्रुवारी १९१३ रोजी त्यांनी ‘ला प्रेन्सा’ सुरू केले. प्रारंभी साप्ताहिक असलेले हे पत्र १९१४ मध्ये दैनिक झाले.

या तारखेला विशेष महत्त्व आहे. ९ ते १९ फेब्रुवारी १९१३ हे दिवस मेक्सिकोच्या इतिहासात ‘दहा शोकात्म दिवस’ म्हणून ओळखले जातात. याच दिवसांत राजधानीत लष्करी उठाव झाला, राष्ट्राध्यक्ष फ्रान्सिस्को मादेरो यांची सत्ता उलथली आणि २२ फेब्रुवारी रोजी त्यांची हत्या झाली. म्हणजे ‘ला प्रेन्सा’चा पहिला अंक निघाला तेव्हा मेक्सिको सिटीच्या रस्त्यांवर तोफा धडाडत होत्या. त्यानंतरच्या काही वर्षांत यादवी युद्धामुळे लक्षावधी माणसे उत्तरेकडे सरकली. त्यांना आपल्या भाषेत आणि विश्वासार्ह बातमी हवी होती. लोसानो यांचे पत्र ही गरज पुरवीत होते आणि त्यामुळेच ते टेक्ससच्या सीमा ओलांडून अमेरिकेतील दूरदूरच्या मेक्सिकन वस्त्यांपर्यंत पोहोचले.

पश्चिम किनाऱ्यावरील वाढती वस्ती ध्यानात घेऊन लोसानो यांनी १६ सप्टेंबर १९२६ रोजी लॉस एंजेलिस येथे ‘ला ओपिनिऑन’ सुरू केले. १६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन होय. अमेरिकन शहरात, अमेरिकन कायद्याखाली, अमेरिकन जाहिरातदारांच्या आधारे निघणाऱ्या वृत्तपत्राने आपला जन्मदिवस म्हणून परक्या देशाचा राष्ट्रीय सण निवडावा, यातच लोसानो यांची भूमिका सूचित होते.

स्थलांतरित की परागंदा?

अमेरिकेतील स्पॅनिश वृत्तपत्रांचा अभ्यास करणारे निकोलास कानेलोस यांनी या वृत्तपत्रसृष्टीचे तीन वर्ग कल्पिले आहेत : राजकीय कारणाने देश सोडलेल्या परागंदांची पत्रे, उपजीविकेसाठी आलेल्या स्थलांतरितांची पत्रे आणि अमेरिकेतच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या स्पॅनिश भाषिकांची पत्रे. पहिला वर्ग मायदेशातील सत्ताबदलाकडे डोळे लावून असतो, दुसरा नव्या देशातील जगण्याची वाट दाखवितो आणि तिसरा नागरिक म्हणून हक्क मागतो. हे वर्गीकरण उपयुक्त आहे. तथापि ‘ला प्रेन्सा’ त्यातील कोणत्याही एका कप्प्यात बसत नाही.

याचे पहिले कारण स्वतः लोसानो यांच्या चरित्रातच सापडते. ते १९०८ मध्ये आले. मेक्सिकन क्रांतीचा प्रारंभ नोव्हेंबर १९१० मधील होय. म्हणजे क्रांतीने देशोधडीस लावलेल्या माणसांपैकी ते नव्हते. नशीब आजमावण्यासाठी सीमा ओलांडणाऱ्या असंख्य कुटुंबांपैकीच त्यांचे एक कुटुंब होते. परंतु त्यांच्या पत्राच्या स्तंभांत ज्यांना मानाचे स्थान मिळाले ते मात्र बहुतांशी परागंदा होते. व्हिक्टोरियानो वेर्ता यांच्या मंत्रिमंडळात शिक्षणमंत्री राहिलेले नेमेसिओ गार्सिया नारांहो यांनी या पत्रात लिहिले. पुढे राष्ट्राध्यक्ष ओब्रेगोन यांच्या काळात शिक्षणमंत्री झालेले आणि नंतर देशाबाहेर पडावे लागलेले होसे व्हास्कोन्सेलोस यांचेही लेखन लोसानो यांच्या पत्रांतून प्रसिद्ध झाले. हे दोघे क्रांतीच्या दोन विरुद्ध बाजूंचे होते. सत्तेवर असलेल्या गटाशी बेबनाव आणि देशाबाहेरचे वास्तव्य एवढेच त्यांच्यात समान होते.

एका स्थलांतरित व्यावसायिकाने परागंदांच्या हाती लेखणी दिली आणि मजुरांच्या हाती वृत्तपत्र दिले. परागंदाच्या मनोवृत्तीत लिहिलेला मजकूर स्थलांतरिताच्या गरजेतून वाचला गेला. लेखक आणि वाचक यांच्यातील हे अंतर लक्षात घेतल्यावाचून लोसानो यांच्या पत्रांची भाषा समजत नाही. मंत्रिपद गमावलेल्या माणसासाठी मायदेशी परतणे ही सत्तेवर परतण्याची शक्यता होती. कापूस वेचणाऱ्या किंवा रेल्वेचे रूळ टाकणाऱ्या माणसासाठी तीच परत म्हणजे ज्या दारिद्र्यातून तो निघाला त्याच दारिद्र्याकडे जाणे होते. ‘आपण एक दिवस परत जाऊ’ हे एकच वाक्य या दोघांच्या तोंडी दोन वेगवेगळे अर्थ धारण करीत होते.

‘बाहेरचा मेक्सिको’ ही संकल्पना

लोसानो यांच्या वृत्तपत्रांशी जोडली गेलेली मध्यवर्ती कल्पना म्हणजे ‘बाहेरचा मेक्सिको’. देशाच्या सीमेबाहेर राहणाऱ्या मेक्सिकन माणसांचा मिळून एक दुसरा मेक्सिको तयार झाला आहे. त्याने आपली भाषा, आपला कॅथलिक धर्म आणि आपल्या चालीरीती जपाव्यात, अमेरिकन जीवनात विरघळून जाऊ नये आणि अनुकूल काळ येताच परत जावे, असा या कल्पनेचा आशय होता. यात एक गर्भित दावाही होता. क्रांतीच्या धुमश्चक्रीत आणि त्यानंतरच्या चर्चविरोधी धोरणात खरा मेक्सिको विटाळला गेला असून त्याचे निर्मळ रूप बाहेरच टिकून आहे, असे या विचाराचे प्रवर्तक मानीत.

या कल्पनेची बलस्थाने नाकारता येणार नाहीत. ज्या काळात टेक्ससमध्ये मेक्सिकन मुलांना वेगळ्या आणि निकृष्ट शाळांत बसविले जात होते, अनेक उपाहारगृहांत त्यांच्या पालकांना प्रवेश नव्हता आणि त्यांची भाषा अडाण्यांची मानली जात होती, त्या काळात एक सुबक छापलेले दैनिक त्याच भाषेत इतिहास, कविता, अर्थकारण आणि जागतिक राजकारण यांची चर्चा करीत होते. अपमानित माणसाच्या हाती स्वाभिमानाचे हे साधन होते. ज्या समाजाने त्याला आपले मानण्यास नकार दिला, त्या समाजात विलीन होण्याचा उपदेश त्याला करणे क्रूर ठरले असते. त्या परिस्थितीत ‘तुमचा एक देश आहे’ हे सांगणे म्हणजे धीर देणे होते.

परंतु याच कल्पनेच्या मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. पहिली मर्यादा वर्गाची. संस्कृती जपण्याचा उपदेश करणाऱ्यांच्या मनातील संस्कृती ही शिकलेल्या, सधन, नागर मेक्सिकोची होती. सीमेवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या आणि इंग्रजी शब्द मिसळून बोलणाऱ्या माणसांकडे हा वर्ग उपहासाने पाहत असे. दुसरी मर्यादा स्त्रियांविषयीच्या दृष्टीची. केस कापणारी, नोकरी करणारी, अमेरिकन पद्धतीचा पोशाख करणारी मेक्सिकन स्त्री हा त्या काळच्या स्पॅनिश वृत्तपत्रांतील विनोदाचा हुकमी विषय होता. सॅन फ्रान्सिस्को येथील संपादक हुलिओ आर्से यांचे ‘होर्हे उलिका’ या टोपणनावाने लिहिलेले स्फुटलेख हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. संस्कृतिरक्षणाचा भार स्त्रीवर टाकून तिच्या बदलाची मात्र टिंगल करणे ही या विचारविश्वातील अंतर्गत उणीव होती.

तिसरी मर्यादा व्यावसायिक हितसंबंधाची. वाचक मेक्सिकन राहणे म्हणजेच तो स्पॅनिश वृत्तपत्राचा, स्पॅनिश पुस्तकाचा आणि स्पॅनिश जाहिरातीतील मालाचा ग्राहक राहणे होय. म्हणून लोसानो यांचा सांस्कृतिक राष्ट्रवाद दांभिक होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि त्यांची निष्ठा आणि त्यांचा व्यवसाय एकाच दिशेने वाहत होते, ही वस्तुस्थिती टीकाकाराने नोंदविली पाहिजे.

ग्रंथप्रकाशन आणि त्यातील आत्मविरोध

लोसानो यांच्या प्रकाशनगृहाने आणि ग्रंथभांडाराने सॅन अँटोनिओला स्पॅनिश ग्रंथव्यवहाराचे एक केंद्र बनविले. वृत्तपत्रातील जाहिरात वाचून दूरच्या वस्तीतील वाचक टपालाने पुस्तक मागवीत असे. ज्या गावात स्पॅनिश पुस्तकाचे एकही दुकान नव्हते तेथे कादंबरी, इतिहास आणि व्यावहारिक मार्गदर्शनाची पुस्तके पोहोचविण्याचे श्रेय या व्यवस्थेला जाते. क्रांतीविषयीच्या कादंबऱ्या आणि आठवणी यांना येथे वाव मिळाला.

या संदर्भात तेओदोरो तोर्रेस यांचे उदाहरण बोलके आहे. ते ‘ला प्रेन्सा’चे संपादक होते. त्यांनी क्रांतिकालीन राजकारणाचा उपहास करणारी ‘कोमो पेर्रोस इ गातोस’ ही कृती १९२४ मध्ये सॅन अँटोनिओ येथे प्रसिद्ध केली. नंतर ते मेक्सिकोला परतले आणि १९३५ मध्ये त्यांची ‘ला पात्रिआ पेर्दिदा’ म्हणजे ‘हरवलेली मायभूमी’ ही कादंबरी प्रकाशित झाली. या कादंबरीचा नायक मिसुरी राज्यात शेती करून स्थिरावलेला आहे. पत्नीच्या मृत्यूनंतर तो मोठ्या ओढीने मेक्सिकोला जातो, परंतु ज्या देशाची त्याने मनात जपणूक केली तो देश त्याला तेथे भेटत नाही. अखेरीस तो आपल्या मिसुरीतील शेतावर परततो.

‘बाहेरचा मेक्सिको’ ज्या वृत्तपत्राने घडविला, त्याच्याच एका संपादकाने त्या कल्पनेचा निकाल असा लावला आहे. तोर्रेस प्रत्यक्ष परत गेले होते, म्हणून त्यांच्या साक्षीचे मोल अधिक. मायभूमी ही स्मृतीत राहते. माणूस परत जातो तो मात्र बदललेल्या प्रदेशात. लोसानो यांच्या अग्रलेखांत जे मान्य होऊ शकत नव्हते, ते त्यांच्या वर्तुळातील ललित लेखकाला मान्य करावे लागले. साहित्य आणि पत्रकारिता यांच्यातील हा फरक साहित्याच्या अभ्यासकाने आवर्जून लक्षात घ्यावा असा आहे.

लोकोपकाराच्या दोन दिशा

लोसानो यांच्या दानशीलतेचे स्वरूप पाहिले असता तिच्या दोन दिशा दिसतात. पहिली दिशा मायदेशाकडे जाते. वृत्तपत्रातून आवाहन करून, वाचकांकडून वर्गणी गोळा करून मेक्सिकोतील आपद्ग्रस्तांना मदत पाठविली गेली. ग्वानाह्वातो राज्यातील दोलोरेस इदाल्गो येथे शाळा उभारण्यासाठीही असाच निधी जमविण्यात आला. दोलोरेस हे ते गाव होय, जेथे १८१० मध्ये मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने स्पेनविरुद्ध स्वातंत्र्याची हाक दिली. राष्ट्राच्या जन्मस्थानी परदेशस्थ मजुरांच्या पैशातून शाळा उभी राहणे यात प्रतीकात्मक सामर्थ्य निश्चितच होते.

दुसरी दिशा जवळच्या वस्तीकडे जाते. सॅन अँटोनिओच्या पश्चिम भागातील मेक्सिकन वस्ती दाटीवाटीची होती. मातीच्या जमिनीची घरे, सांडपाण्याची गैरसोय, क्षयरोग आणि बालमृत्यू यांनी ती ग्रासलेली होती. लोसानो यांच्या पत्नी अलिसिया एलिसोंदो दे लोसानो यांनी ‘बेनेफिसेन्सिया मेहिकाना’ या परोपकारी मंडळाचे नेतृत्व केले आणि १९३० च्या सुमारास या मंडळाने गरीब मेक्सिकन रुग्णांसाठी दवाखाना चालविला. वृत्तपत्राने त्यासाठी सातत्याने पाठबळ दिले.

या दोन दिशांची तुलना उद्बोधक आहे. शाळेसाठी पाठविलेला पैसा ‘आपण तिकडचे आहोत’ या भावनेतून गेला. दवाखान्यासाठी जमविलेला पैसा ‘आपण इकडे आहोत’ या गरजेतून आला. परत जाणाऱ्या माणसाला पुस्तक सोबत नेता येते. दवाखाना नेता येत नाही. ज्याला उद्या निघायचे आहे तो डॉक्टर, परिचारिका आणि इमारत यांची कायमची सोय करीत नाही. म्हणून दवाखान्याची उभारणी ही लोसानो दांपत्याच्या हातून झालेली, स्थायिक होण्याची एक अघोषित कबुली होती, असे म्हणता येते.

तसेच या लोकोपकाराचा निधी मुख्यतः कोठून आला हेही पाहिले पाहिजे. आवाहन प्रकाशकाचे असले तरी वर्गणी सामान्य वाचकांची होती. लोसानो यांचे खरे योगदान पैशापेक्षा विश्वासाचे होते. विखुरलेल्या माणसांकडून अल्प रक्कम गोळा करून ती योग्य ठिकाणी पोहोचविण्याची यंत्रणा त्यांच्याकडे होती. दानशूर या शब्दाने सामान्यतः एका श्रीमंत माणसाच्या खिशाचे चित्र उभे राहते. लोसानो यांच्या बाबतीत तो शब्द वापरताना ही मर्यादा सांगणे आवश्यक आहे.

१९३१ : परतीचा बदललेला अर्थ

‘परत जावे’ हा उपदेश जोवर उपदेश होता तोवर त्याची कसोटी लागली नव्हती. आर्थिक महामंदीने ती लावली. १९३० च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा प्रथमच स्वतंत्र वंशगट म्हणून नोंदविला गेला आणि त्याची संख्या १४ लाखांहून अधिक भरली. नोकऱ्या घटताच हाच गट डोळ्यांवर आला. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी लॉस एंजेलिसमधील ‘ला प्लासिता’ या सार्वजनिक चौकाची नाकेबंदी करून अधिकाऱ्यांनी सुमारे ४०० माणसांना अडवून त्यांची कागदपत्रे तपासली. त्या दशकात हद्दपारी, धाकदपटशा आणि ‘स्वेच्छे’ने पाठवणी अशा मार्गांनी मेक्सिकोला गेलेल्यांची संख्या अभ्यासकांच्या अंदाजानुसार चार लाखांपासून दहा लाखांपर्यंत सांगितली जाते. त्यात अमेरिकेत जन्मलेल्या, म्हणजे जन्माने अमेरिकन नागरिक असलेल्या मुलांचे प्रमाण फार मोठे होते. कॅलिफोर्निया राज्याने या अन्यायाबद्दल २००५ मध्ये कायदा करून औपचारिक क्षमायाचना केली.

या काळात ‘ला ओपिनिऑन’ने केलेले वार्तांकन हे त्या पत्राचे सर्वांत मोठे कार्य मानले पाहिजे. छापे, अटक, रेल्वेगाड्यांची प्रस्थाने, वाटेतील हालअपेष्टा यांची नोंद तेथे होत राहिली. या विषयावरचा ‘डिकेड ऑफ बिट्रेयल’ (१९९५) हा मूलभूत ग्रंथ लिहिताना फ्रान्सिस्को बाल्देरामा आणि रेमंड रॉड्रिगेझ यांनी याच पत्राच्या अंकांचा विस्तृत आधार घेतला. इंग्रजी वृत्तपत्रांत जी माणसे आकडा म्हणून आली, ती येथे माणसे म्हणून आली.

तरीही या प्रसंगाने लोसानो यांच्या विचारातील अडचण उघड केली. अनेक वर्षे ज्या परतीचा गौरव झाला, तीच परत आता परक्या सरकारने लादलेली शिक्षा म्हणून समोर आली. सक्तीच्या पाठवणीचा निषेध करावयाचा तर ‘या माणसांना येथे राहण्याचा अधिकार आहे’ असे म्हणणे क्रमप्राप्त होते. आणि ते म्हणताच ‘बाहेरचा मेक्सिको’ हे तात्पुरत्या मुक्कामाचे नाव उरत नव्हते. परतीचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्या पत्राकडे राहण्याच्या हक्काची भाषा पुरेशी विकसित झालेली नव्हती. या पत्राने वाचकाला माहिती, सहानुभूती आणि मदत दिली. नागरिकत्वाचा युक्तिवाद मात्र अन्यत्र घडत होता.

नागरिकत्वाची भाषा आणि पुढची पिढी

तो युक्तिवाद १९२९ मध्ये कॉर्पस क्रिस्टी येथे स्थापन झालेल्या ‘लुलॅक’ या संघटनेने मांडला. या संघटनेचे सदस्यत्व अमेरिकन नागरिकांपुरते होते आणि तिची अधिकृत भाषा इंग्रजी होती. इतिहासकार रिचर्ड गार्सिया यांनी सॅन अँटोनिओविषयीच्या आपल्या १९९१ मधील ग्रंथात लोसानो यांच्या वर्तुळातील सधन परागंदा आणि ‘लुलॅक’मधील नवा मध्यमवर्ग यांच्यातील वैचारिक भेद विस्ताराने दाखविला आहे. त्याच शहरात १९३८ मध्ये अक्रोडासारख्या पिकॅन फळांची टरफले काढणाऱ्या सुमारे १२,००० कामगारांचा संप झाला. त्याचे नेतृत्व केलेल्या एमा तेनायुका या सॅन अँटोनिओ येथेच जन्मलेल्या होत्या. त्यांची मागणी त्या शहरातील मजुरीच्या दराविषयी होती. त्यात परतीचा प्रश्नच नव्हता.

परंतु हे दोन प्रवाह संपूर्ण वेगळे होते असे मानणेही चुकीचे ठरेल. ‘लुलॅक’च्या संस्थापकांपैकी एक असलेले होसे दे ला लुस साएन्स हे पहिल्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात लढले होते आणि आघाडीवरून लिहिलेली त्यांची पत्रे ‘ला प्रेन्सा’त छापून आली होती. अमेरिकन गणवेशातील एक शिक्षक-सैनिक आपल्या समाजाच्या समान हक्कांविषयी बोलत होता आणि त्याला व्यासपीठ मिळत होते ते ‘बाहेरच्या मेक्सिको’च्या वृत्तपत्रात. पत्राचा विचार त्याच्या पानांहून संकुचित होता; पाने विचारापेक्षा उदार होती.

याहून ठळक उदाहरण गोन्सालेस कुटुंबाचे आहे. लेओनिदेस गोन्सालेस हे दुरांगो राज्यातील मापिमी येथील स्थानिक प्रशासक. क्रांतीच्या काळात ते सॅन अँटोनिओला आले आणि दीर्घकाळ ‘ला प्रेन्सा’चे व्यवस्थापन त्यांनी सांभाळले. त्यांचे पुत्र हेन्री बी. गॉन्झालेझ हे १९५३ मध्ये सॅन अँटोनिओच्या नगर परिषदेवर, १९५६ मध्ये टेक्ससच्या राज्य सिनेटवर आणि १९६१ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहावर निवडून आले. टेक्ससमधून तेथे पोहोचलेले ते पहिले मेक्सिकन-अमेरिकन होत. ज्या घरात परतीची भाषा बोलली जात होती, त्या घरातूनच वॉशिंग्टनकडे जाणारी वाट निघाली. स्वतः लोसानो यांचे पुत्र इग्नासिओ लोसानो (कनिष्ठ) यांनी १९५३ मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतर ‘ला ओपिनिऑन’ची धुरा घेतली आणि १९७६-७७ मध्ये ते एल साल्वादोर येथे अमेरिकेचे राजदूत होते.

दोन्ही वृत्तपत्रांचे पुढील भवितव्यही अर्थपूर्ण आहे. ‘ला प्रेन्सा’ काही वर्षे अलिसिया लोसानो आणि लेओनिदेस गोन्सालेस यांनी चालविले; १९५७ मध्ये त्याची विक्री झाली आणि १९६३ मध्ये ते बंद पडले. परागंदांची पिढी संपली तसा त्याचा वाचकही ओसरला. ‘ला ओपिनिऑन’ मात्र टिकले, कारण त्याने आपले लक्ष हळूहळू लॉस एंजेलिसच्या रहिवाशाकडे वळविले. १९९० मध्ये त्याचा अर्धा हिस्सा एका मोठ्या अमेरिकन वृत्तपत्र कंपनीने घेतला. २००४ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘एल दियारिओ’शी एकत्र येऊन ‘इम्प्रेमीडिया’ ही कंपनी स्थापन झाली आणि २०१२ मध्ये तिचे नियंत्रण अर्जेंटिनातील ‘ला नासिऑन’ समूहाकडे गेले.

‘हिस्पॅनिक’ या विशेषणाविषयी

आज लोसानो यांचा उल्लेख ‘हिस्पॅनिक प्रकाशक’ असा केला जातो. हे विशेषण सोयीचे असले तरी त्याच्या वापराबाबत सावधगिरी हवी. ‘हिस्पॅनिक’ ही अमेरिकन प्रशासनाची संज्ञा १९७० च्या दशकात रूढ झाली आणि १९८० च्या जनगणनेत ती देशभर सर्वांना विचारली गेली. मेक्सिकन, क्युबन, पोर्तो रिकन अशा भिन्न इतिहासाच्या समाजांना ती एका नावाखाली आणते. लोसानो १९५३ मध्ये निवर्तले. ते स्वतःला मेक्सिकन म्हणवीत आणि त्यांच्या संपूर्ण कार्याचा आधार ती एकच ओळख होती. ज्या देशाच्या जनगणनेतील रकान्यात आपण मावू नये असा त्यांचा आग्रह होता, त्याच देशाच्या एका रकान्याचे नाव आज त्यांच्या चरित्राला मिळाले आहे. चरित्रलेखनात असे नामकरण बहुधा नकळत होते. परंतु त्यामुळे व्यक्तीचा स्वतःचा संघर्ष पुसला जातो.

समारोप

लोसानो यांच्या अग्रलेखांतील मताचा विचार केला तर ते परतीचे पुरस्कर्ते ठरतात, आणि इतिहासाने त्या मताला साथ दिली नाही. त्यांच्या संस्थांचा विचार केला तर चित्र बदलते. दैनिक, ग्रंथभांडार, प्रकाशनगृह आणि दवाखाना या चार गोष्टी एखाद्या समाजाला लागतात त्या तो एका जागी मुळे धरतो तेव्हा. ज्या समाजाला ते तात्पुरता मानीत होते, त्याला कायमचा करण्याची साधने त्यांनीच पुरविली.

यावरून स्थलांतरितांच्या प्रकाशकांचे मूल्यमापन करण्याविषयी एक निकष सुचतो. केवळ घोषित भूमिकेवरून गौरव किंवा निषेध न करता, त्या प्रकाशकाच्या पानांनी कोणाला बोलू दिले आणि त्याच्या संस्थांनी कोणाला आधार दिला, हे तपासले पाहिजे. या निकषावर लोसानो यांच्या कार्यातील उणिवा लपत नाहीत : मजुरापेक्षा माजी मंत्र्याला मिळालेले झुकते माप, सांस्कृतिक शुद्धतेचा दुराग्रह आणि राहण्याच्या हक्काविषयीची अपुरी भाषा. त्याचबरोबर साएन्स यांची पत्रे, १९३१ चे वार्तांकन आणि पश्चिम वस्तीतील दवाखाना हेही त्याच कार्याचे भाग आहेत. मारीनहून निघालेला हा माणूस सॅन अँटोनिओचाच झाला होता. त्याच्या वृत्तपत्राने ते कधी छापले नाही एवढेच.